पट्टा मनगटाला, नजर क्षितिजाला

एसटीत उलटी झाली की आपण म्हणतो गाडी लागली आणि जहाजावर झाली की म्हणतो बोट लागली. ऊन लागावं, नजर लागावी, तशी बोट लागते. अरबीत याला 'दुवारुल बहर' म्हणतात, म्हणजे समुद्राची घेरी. इंग्रजीतला 'नॉशिया' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याच्याही मुळाशी जहाजच आहे. माणूस समुद्रावर गेला तेव्हापासून ही तक्रार त्याच्या सोबत आहे.

कोकणातल्या आपल्या घरांना ती नवी नाही. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी मोहल्ल्यांत जहाजावर नोकरी केलेली माणसं आहेत. आपल्या आजी-आजोबांनी आगबोटीने मुंबई गाठली. हजचा प्रवासही एकेकाळी जहाजानेच व्हायचा. मुंबई ते जिद्दा हा हाजींचा समुद्रमार्ग १९९५ साली बंद झाला. 'अकबरी' जहाजाच्या आठवणी सांगणारे बुजुर्ग अजून भेटतात. त्यांना विचारलं तर ते साधारण एकच सांगतात, "पहिले दोन-तीन दिवस जीव नकोसा झाला, मग सवय झाली." त्यांचं हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे त्याचं काम आहे.

आता समुद्र क्रूझच्या रूपाने पुन्हा आपल्या घरात आला आहे. मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीपला जाणारी जहाजं आहेत. कोचीहून लक्षद्वीपला जाणारी प्रवासी जहाजं तर पूर्वीपासून आहेत. कुटुंबंच्या कुटुंबं जाऊ लागली, तशी आमच्याकडे नात्यातून आणि शाळेतून एक विचारणा वारंवार येऊ लागली. "तो मनगटावरचा पट्टा मिळतो ना, ॲक्युप्रेशरचा, तो घ्यावा का? खरंच चालतो का?"

हा प्रश्न वरवर दोन पट्ट्यांचा वाटतो. पण विचारणाऱ्याच्या मागे बहुतेक वेळा घरातली एखादी व्यक्ती उभी असते. गोळी घेतली की दिवसभर झोपून राहणारी अम्मी असते, गाडीत दर वेळी पिशवी हातात धरून बसणारी मुलगी असते, किंवा "तुम्ही सगळे जाऊन या, मी घर सांभाळते" म्हणणारी दादी असते. तिला जायचं नसतं असं नाही. तिला चारचौघांसमोर ओकायची लाज वाटते. म्हणून आम्ही या पट्ट्याबद्दल जे वाचलं आणि पाहिलं, ते इथे नीट मांडत आहोत.

बिघाड पोटात नव्हे, कानात

उलटी पोटातून येते म्हणून आपण दोष पोटाला देतो. सुरुवात मात्र कानात होते. आपल्या प्रत्येक कानाच्या आत अर्धगोल आकाराच्या तीन बारीक नळ्या आहेत आणि त्यांत द्रव आहे. वर्गात हे सांगताना आम्ही पाण्याचा पेला घेतो. पेला एकदम फिरवला तर आतलं पाणी क्षणभर मागे राहतं. कानातला द्रवही तसाच मागे राहतो आणि त्यावरून मेंदूला कळतं की डोकं वळलं. वर-खाली, पुढे-मागे होणारी हालचाल टिपणारी वेगळी यंत्रणाही तिथेच असते.

जहाजाच्या केबिनमध्ये बसल्यावर कान सांगतो, "आपण हलतोय." डोळ्यांसमोर मात्र भिंत, पलंग, कपाट सगळं जागच्या जागी असतं. डोळे सांगतात, "काहीच हलत नाही." दोन साक्षीदार दोन जबान्या देतात आणि मेंदू गोंधळतो. मग जांभया, थंड घाम, तोंडाला सुटणारं पाणी, उर्दूत जिला मतली म्हणतात ती मळमळ, आणि शेवटी उलटी. ज्यांच्या आतल्या कानाची ही यंत्रणा जन्मतःच काम करत नाही, त्यांना बोट लागत नाही. यावरूनच मूळ कुठे आहे ते कळतं.

हेलकाव्यांचाही हिशोब आहे. अगदी जलद थरथर माणसाला सोसते. पाच सेकंदांना एक अशा संथ लयीत होणारं वर-खाली सगळ्यात वाईट, आणि मोठ्या लाटांवर जहाज साधारण तसंच हलतं. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास फारसा होत नाही. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त, गरोदरपणात आणखी जास्त, आणि अर्धशिशी असणाऱ्यांनाही जास्त होतो. तेव्हा कुणाला बोट लागली तर "तू नाजूक आहेस" असं म्हणू नये. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षं 'बीगल' जहाजावर होता आणि शेवटपर्यंत बोट लागून बेजार होत राहिला. इंग्रजांचा नामांकित आरमारी सेनापती नेल्सन, त्यालाही समुद्र लागायचा.

पट्टा कुठे आणि कसा बांधायचा

हा पट्टा म्हणजे विणलेल्या इलॅस्टिकची पट्टी. तिच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचं गोल बटण शिवलेलं असतं. चिनी वैद्यकात मनगटावरच्या एका बिंदूला 'नेई गुआन' म्हणतात. आधुनिक पुस्तकांत त्याचं नाव 'पी-सहा'. या बिंदूवर दाब दिला की मळमळ कमी होते, असं ते वैद्यक मानतं. बटणाचं काम तेवढंच, दाब देण्याचं.

जागा शोधायची रीत सोपी आहे. तळहात वर करा. मनगटावर हाताच्या बाजूची पहिली आडवी रेघ दिसते. दुसऱ्या हाताची मधली तीन बोटं जोडून त्या रेघेवर आडवी ठेवा, म्हणजे अनामिका रेघेला टेकेल. कोपराकडच्या बाजूला जिथे तर्जनीची कड येते, तिथे मनगटाच्या मधोमध दोन शिरांसारख्या दोऱ्या हाताला लागतात. त्या शिरा नव्हेत, स्नायूंच्या दोऱ्या. मूठ थोडी वळली की त्या ठळक होतात. त्या दोघींच्या मधली खाच ही आपली जागा. मुलासाठी मोजताना मुलाचीच तीन बोटं घ्यायची, आपली नाहीत.

पट्टे दोन्ही हातांना बांधायचे आणि जहाजावर चढण्याआधी बांधायचे. बटणाचा दाब जाणवला पाहिजे, पण हात दुखता कामा नये. बोटं सुजली, निळसर पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच काढावेत. बांगड्या कोपराकडे सरकवून पट्टा खाली बांधावा, घड्याळ काढून ठेवावं. डायलिसिससाठी ज्या हातावर फिस्टुला केला आहे त्या हाताला, किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर जो हात सुजतो त्या हाताला पट्टा मुळीच बांधू नये.

काही बुजुर्ग विचारतात, हा तावीजचाच प्रकार नाही ना? तसं नाही. कंबरदुखीला पट्टा बांधतात तसाच हा दाब देणारा पट्टा. दाब नसेल तर त्यात काही नाही. मात्र बाजारात याच्याच शेजारी चुंबकाची कडी, तांब्याची वलयं, 'ऊर्जा' देणारी ब्रेसलेट टांगलेली असतात. त्यांचे दावे याच्या नावावर खपवले जातात. त्यांच्यावर पैसे घालवू नयेत.

खरंच चालतो का?

या बिंदूकडे आधुनिक डॉक्टरांचं लक्ष गेलं ते १९८० नंतरच्या दशकात. बेलफास्टमधले भूलतज्ज्ञ प्रा. जॉन डंडी यांनी शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या मळमळीवर हा बिंदू तपासला. पुढे त्यावर पुष्कळ काम झालं. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने ५९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत ७,६६७ लोक होते. भुलीनंतरची मळमळ आणि उलटी या बिंदूवरच्या उपचाराने कमी होते, असा त्याचा निष्कर्ष होता. पुराव्याचा दर्जा मात्र फार वरचा नाही, हेही त्यांनी लिहिलं.

पण ऑपरेशन थिएटर म्हणजे समुद्र नव्हे. प्रवासातल्या मळमळीचे प्रयोग आतून काळे-पांढरे पट्टे रंगवलेल्या, फिरणाऱ्या मोठ्या पिंपात माणसाला बसवून केले गेले. १९९५ आणि २००१ च्या अशा प्रयोगांत मनगटावरच्या दाबाने त्रास कमी झाल्याचं दिसलं. २००४ च्या प्रयोगात खरे पट्टे आणि नकली पट्टे यांत फरक आढळला नाही. म्हणजे निकाल दोन्हीकडे झुकतो. "हमखास चालतो" म्हणणारा विक्रेता आणि "सगळी फसवणूक आहे" म्हणणारा शंकेखोर, दोघेही पुराव्यापेक्षा पुढे जातात.

नकली पट्ट्यानेही काहींना बरं का वाटतं? कारण मनाची अपेक्षा इथे मोठं काम करते. १९९५ साली प्रसिद्ध झालेला नौदलाच्या कॅडेटांवरचा एक अभ्यास आम्हाला शिक्षक म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. काही कॅडेटांना समुद्रावर जाण्याआधी सांगितलं गेलं की, तुम्हाला बोट लागण्याची शक्यता कमी आहे आणि लागली तरी तुमच्या कामावर परिणाम होणार नाही. पट्टा नाही, गोळी नाही, फक्त भरवसा. या कॅडेटांना इतरांपेक्षा त्रास कमी झाला आणि त्यांचं कामही चांगलं झालं.

आता आपल्या घरातला संवाद आठवा. गाडी सुरू व्हायच्या आधीच आपण म्हणतो, "हिला पिशवी द्या, ही ओकणार." दहा वर्षांची पोर हे दर प्रवासात ऐकते. ती ओकली नाही तरच नवल! पट्टा बांधताना जर आपण म्हणालो, "आता बरं वाटेल, आणि नाही वाटलं तरी आम्ही आहोत," तर पट्ट्याइतकंच हे वाक्यही तिच्या कामी येतं.

नऊ जणांचा हिशोब

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नात्यातले नऊ जण मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर होतो. पाच जणांनी पट्टे बांधले, चौघांनी नाही. पट्टेवाल्यांपैकी दोघांना बोट लागली, बिनपट्टेवाल्यांपैकी एकाला. परत आल्यावर एक जण म्हणाला, "बघा, पट्टा कुचकामी!" दुसरी म्हणाली, "पाचातले तिघं वाचले की!"

खरं तर या हिशोबातून काहीच सिद्ध होत नाही. पट्टे त्यांनीच बांधले होते ज्यांना एरवीही गाडी लागते. ज्यांना कधी काही होत नाही, ते मोकळ्या हाताने फिरत होते. दोन गटच मुळात सारखे नव्हते. वर्गातली हुशार मुलं एका बाजूला आणि कच्ची दुसऱ्या बाजूला बसवून वहीच्या रंगावरून निकाल काढावा, तसं ते होईल. शेजारणीचा अनुभव, व्हॉट्सॲपवरचा अनुभव, आमचा अनुभव, सगळ्यांना हाच नियम लावायचा. म्हणूनच नकली पट्टा बांधून केलेल्या चाचण्यांना किंमत असते.

एक गोष्ट मात्र आम्ही नऊही जणांनी पाहिली. मोठं जहाज फारसं हललं नाही. अशा जहाजांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डाव्या-उजव्या बाजूचं डोलणं कमी करतात. खरी परीक्षा बेटाजवळ झाली. लक्षद्वीपच्या बेटांभोवती प्रवाळाची रांग आहे आणि आतलं पाणी उथळ. मोठं जहाज बाहेरच थांबतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींत उतरवतात. ती बोट लाटांवर पानासारखी नाचते. ज्यांनी "जहाजावर काही होत नाही" म्हणून सकाळी पट्टे काढून ठेवले होते, त्यांना तेव्हा ते हवे होते.

पट्ट्यासोबत काय काय

आमचं मत असं की पट्टा घ्यावा. तो काही शे रुपयांत येतो, झोप आणत नाही, दुसऱ्या औषधांच्या आड येत नाही आणि पुन्हा वापरता येतो. पण फक्त त्याच्यावर विसंबू नये. तवक्कल करायचं ते उंट बांधून, आणि इथे उंट बांधण्याच्या दोऱ्या बऱ्याच आहेत.

बुकिंग करतानाच खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागाजवळची केबिन मागा. झोपाळ्याची दांडी वर कमी हलते आणि खाली जास्त, तसं जहाजाचं टोक आणि वरचे मजले जास्त हलतात. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पहिलाच प्रवास त्या दिवसांत ठरवू नका.

मळमळ सुरू होते आहे असं वाटताच मोकळ्या हवेत या आणि दूर क्षितिजाच्या रेघेकडे बघा. क्षितिज स्थिर असतं, त्यामुळे डोळ्यांची आणि कानांची साक्ष जुळते. अनेक जण नेमकं उलट करतात. मळमळलं की केबिनमध्ये जाऊन मोबाइल बघत पडतात. डेकवर येणं शक्य नसेल तर डोळे मिटून, उशीवर डोकं स्थिर ठेवून उताणं पडून राहावं.

रिकाम्या पोटी राहू नका आणि पोट तुडुंबही भरू नका. क्रूझवर जेवण तिकिटात असतं, म्हणून पहिल्याच रात्री पैसे वसूल करायला बसू नये. कोरडी बिस्किटं, टोस्ट, केळं, साधा भात असं थोडं थोडं खावं. आल्याचा तुकडा चघळणं किंवा सुंठेचा चहा पुष्कळांना मानवतो. तेलकट पदार्थ, उग्र अत्तर आणि सिगारेटचा धूर यांपासून लांब राहावं.

आणि धीर धरावा. मेंदू दोन-तीन दिवसांत नव्या लयीला सरावतो. 'अकबरी'वरच्या हाजींचं ते वाक्य म्हणजे हेच. आजच्या दोन-तीन रात्रींच्या क्रूझमध्ये सवय व्हायच्या आत प्रवास संपतो, म्हणून आधीच्या तयारीला इतकं महत्त्व.

गोळी कुणी, केव्हा

प्रोमेथाझिन, मेक्लिझिन, सिनारिझिन, डायमेनहायड्रिनेट ही या त्रासावरची जुनी औषधं. ती चालतात, पण वेळेवर घेतली तर. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेर पडते. प्रवासाच्या तासभर आधी, डॉक्टरांनी सांगितली तशी घ्यावी. या गोळ्या झोप आणतात, तोंड कोरडं करतात. वयस्क माणसांचा तोल जाऊ शकतो. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, दमा असणाऱ्यांनी आणि रोजची इतर औषधं चालू असणाऱ्यांनी आधी विचारलंच पाहिजे. गरोदर स्त्रियांनी स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी घेऊ नये. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळाला देत नाहीत. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून लेकराला देण्याची आपली सवय तर अगदीच मोडली पाहिजे.

ज्यांना गोळी चालत नाही, पट्ट्याचा खरा उपयोग त्यांनाच. पण मधुमेहाच्या माणसाला उलट्या होत असतील, खाल्लेलं टिकत नसेल आणि इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर पट्टा आवळत बसू नये. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, म्हणून लगेच जहाजावरच्या डॉक्टरांकडे न्यावं. घोट घोट ओआरएस चालू ठेवावं. पाणीही टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, छातीत दुखत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं तर ती नुसती बोट लागलेली नव्हे.

वुजू आणि नमाज

वुजूत हात कोपरापर्यंत धुतात, म्हणून पट्टा काढावाच लागतो. बांधताना घाईत तो बोटभर सरकतो आणि दाब भलत्याच जागी पडतो. दर वेळी तीन बोटं पुन्हा मोजा. पट्टा कोरडा ठेवायला छोटी पिशवी जवळ असू द्या.

उलटीने वुजू जातो का, हा प्रश्न जहाजावर हटकून येतो. हनफी मसलकात तोंडभर उलटी झाली तर वुजू जातो. कोकणातले आपण बहुतेक शाफई. शाफई मसलकात उलटीने वुजू जात नाही, मात्र तोंड आणि कपडे धुवावे लागतात. घेरीमुळे उभं राहणं शक्य नसेल तर बसून नमाज पढण्याची सवलत आहे. बाकी बारकावे निघण्याआधीच आपल्या आलिमांना विचारून घ्यावेत.

मागे राहणाऱ्यांसाठी

लक्षद्वीपमध्ये शंभरात शहाण्णवहून अधिक लोक मुसलमान आहेत. तिथल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी, नातलगांसाठी वर्षानुवर्षं जहाजाने कोचीला जात-येत आली आहेत. बोट त्यांनाही लागते. पण बोट लागते म्हणून प्रवास सोडून देणं त्यांना परवडत नाही.

आपल्याकडे मात्र "मी घर सांभाळते" म्हणणाऱ्या दादीचं म्हणणं आपण लगेच मान्य करतो, कारण त्यात आपलीही सोय असते. पुढच्या वेळी असं करा. तिकीट काढायच्या आधी तिला डॉक्टरांकडे न्या, तिच्या औषधांची यादी दाखवा. महिनाभर आधी पट्टे आणा आणि तिच्या हातावर ती जागा नातवंडांना मोजायला सांगा. मांडव्याच्या लाँचसारख्या छोट्या प्रवासात ते एकदा वापरून बघा. जहाजावर तिची खुर्ची डेकवर, क्षितिज दिसेल अशी ठेवा. आणि जवळ एक पिशवी असू द्या, तिचा गाजावाजा न करता. उलटी झालीच तर तोंड धुवायला पाणी द्यायचं, पाठीवर हात ठेवायचा आणि पुन्हा समुद्राकडे बघायचं.